दोन टक्के कुणाच्या गल्ल्यात?

बडा फुहारा, जबलपूर येथील मिक्सरवाल्या दुकानदारांस,



सहा हजारांचा मिक्सर घेऊन मी डेबिट कार्ड पुढे केलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘कार्ड से दो परसेंट एक्स्ट्रा लगेगा.’ मशीनवर ६,१२० रुपये घातलेत, बिल मात्र ६,००० चंच फाडलंत. वरचे १२० कशाचे, असं विचारल्यावर बँकेकडे बोट दाखवलंत. तेव्हा बँकेचाच हिशेब ऐका.

डेबिट कार्डावर दुकानदाराकडून किती कापायचं, याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून घालून दिली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. सहा हजारांवर फार तर ५४ रुपये. जीएसटी धरूनही ६४ च्या आत. उरलेले निदान ५६ रुपये बँकेने मागितलेच नव्हते. ते तुम्ही खाल्लेत! आणि ते ६४ तरी माझ्याकडून का? ही कपात गिऱ्हाइकाच्या माथी मारू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने त्याच आदेशात बँकांना बजावलं आहे. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून केलेलं यूपीआय यांवर तर १ जानेवारी २०२० पासून तुम्हालाही हे शुल्क लागत नाही. तिथे दोन टक्के मागणं ही उघड लूट आहे.

क्रेडिट कार्डाची कपात जास्त असते, हे मान्य. पण मशीन तुम्ही घेतलंत, करार तुम्ही केलात, कार्डामुळे वाढलेली विक्रीही तुमचीच. दुकानाचं भाडं, विजेचं बिल, नोकराचा पगार बिलाच्या वर वेगळा मागता का? मग हा एकच खर्च आमच्या खिशातून कशाला? परवडत नसेल तर किमतीच्या पाटीवरच तसा आकडा लिहा. पाटी वाचून घ्यायचं की नाही, ते आम्ही ठरवू.

माझे १२० रुपये परत करा आणि ही वसुली आजपासून बंद करा.

वाचकहो, असे जादा पैसे मागितले तर ते बिलावर लिहून मागा. दुकानदार नाही म्हणाला, तर ज्या बँकेचं मशीन आहे तिच्याकडे लेखी तक्रार करा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. आपण गप्प बसतो, म्हणूनच ही वसुली चालते.

आपली,
एक ग्राहक, जबलपूर