रुळेपर्यंत

आमच्या चिरंजीवांचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि वैशाखातच होणाऱ्या सूनबाईंनी पुण्याहून आम्हाला एक झाड पाठवलं. साडी पाठवली असती तर नेसून, फोटो काढून मोकळं होता आलं असतं. मिठाई असती तर आठवड्यात संपली असती. झाड जिवंत ठेवावं लागतं. आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते जिवंत असल्याचं दाखवावंही लागतं.

खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता आणि तो जमिनीकडे बघत होता. उघडलं तर आतून अडीच फुटांचं, जरासं वाकलेलं झाड निघालं. पानं ताटलीएवढी, मध्ये कमरेत बारीक, सारंगीसारखी. नाव फिडल लीफ फिग. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आधी पानं मोजली आणि वहीत लिहिलं : 'आरंभीची शिल्लक – पानं १४.'

सोबत नर्सरीचा एक छापील कागद होता. मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

"आल्या आल्या कुंडी बदलू नये. नव्या जागेशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

"सारखी जागा बदलू नये. रुळेपर्यंत खत घालू नये. सुरुवातीला काही पानं गळतील, घाबरू नये."

"बरं."

"पहिले पंधरा दिवस इतर झाडांपासून वेगळं ठेवावं."

"आल्या आल्या वेगळं बिऱ्हाड?" सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. "आणि मला आल्या दिवशी संध्याकाळी वीस माणसांच्या भाकऱ्या थापायला बसवलं होतं, तेव्हा कुणी असा कागद नाही दिला."

मला तिसऱ्या दिवशी पुरण घाटायला बसवलं होतं. बसवणाऱ्या समोरच होत्या, म्हणून मी पुढचं कलम वाचलं.

वेगळं ठेवण्यामागे कारण होतं. नव्या झाडाबरोबर पिठ्या ढेकूण येतो, पानाच्या बगलेत कापसासारखा लपून बसतो आणि सगळ्या कुंड्यांत पसरतो. हे मी सांगितलं. सासूबाईंनी भिंग घेऊन एकेक पान उलटंसुलटं तपासलं. मला त्या पहिल्यांदा बघायला आल्या होत्या तो दिवस आठवला. भिंग सोडलं तर फरक नव्हता.

कागदाच्या तळाशी नर्सरीचा पत्ता होता : कडियम, आंध्र प्रदेश. ह्यांनी नकाशा काढला. राजमहेंद्रीच्या शेजारी हे गाव, नर्सऱ्यांसाठी देशभर प्रसिद्ध, आणि गोदावरीकाठचं. आमची गंगा! त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते, आमच्या रामकुंडावरून जाते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून तिकडे समुद्राला मिळते. नाशकात सिंहस्थ लागतो तेव्हा राजमहेंद्रीत पुष्करम् भरतो. २०१५ साली दोन्हीकडे गर्दी होती. म्हणजे नदी तिकडे गेली आणि झाड इकडे आलं.

"मग ही आपल्याच पाण्यावर वाढलेली," सासूबाई म्हणाल्या. त्या क्षणी 'ते झाड' संपलं आणि 'ती' आली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या रिक्षाने गंगेवर जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या. रुळायचं तर ओळखीचं पाणी नको का?

ते पाणी सकाळी सात वाजता घातलं गेलं. दहा वाजता मी घातलं, कारण वरची माती सुकलेली दिसली. दुपारी चारला ह्यांनी घातलं, कारण नाशकात त्या दिवशी कडक ऊन होतं आणि त्यांना स्वतःला तहान लागली होती. तिघांनी एकमेकांना सांगितलं नाही. आमच्या घरात चांगली कामं गुपचूप करायची पद्धत आहे.

आठवड्यात कुंडीभोवती चिलटं फिरू लागली. नर्सरीची कुंडी बहुतेक कोकोपीटने भरलेली असते; ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओलंचिंब असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. घरात प्रेमाने मेलेल्या झाडांची संख्या तहानेने मेलेल्यांपेक्षा मोठी असावी. ह्यांनी कुंडीवर पाण्याचं रजिस्टर टांगलं, सहीसकट. सासूबाईंनी सही करायला नकार दिला. तीर्थाला सही नसते.

आणि मग पानं गळू लागली.

पहिलं पान गळलं तेव्हा आम्ही त्याच्याकडे काचेचं भांडं फुटल्यासारखं बघितलं. देठातून पांढरा चीक आला. सासूबाईंनी तो बोटावर घेतला. "हा तर वडाचा चीक."

त्यांचं बरोबर होतं. हे झाड मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलातलं, पण वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं. सासूबाई खूश झाल्या. पंचवटीत आधी पाच वड होतेच, ही सहावी. वटपौर्णिमेला गर्दीत जायचं कारण उरलं नाही. कुंडीला सात फेरे सूत गुंडाळलं गेलं. ह्यांनी माहिती पुरवली की जंगलात हे झाड कधी कधी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, हळूहळू मुळं खाली जमिनीपर्यंत सोडतं आणि मग यजमानालाच कवटाळून बसतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

पानं का गळतात, हे ह्यांनी बँकेच्या भाषेत समजावलं. नर्सरीत सावलीच्या जाळीखाली का होईना, भरपूर उजेड असतो. तिथं उगवलेली पानं त्या उत्पन्नाच्या हिशेबाने बांधलेली. घरात, खिडकीपासून चार पावलं आत गेलं तरी उजेड फार घटतो; आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. मग मोठी पानं पोसणं परवडत नाही. "झाड तोट्यातल्या शाखा बंद करतं," हे म्हणाले. "बंद करण्याआधी कामाची रसदही मागे बोलावून घेतं. पान पिवळं पडतं ते त्यामुळे."

झाडामुळे घरातली हवा शुद्ध होते, असंही सूनबाईंनी कळवलं होतं. तो समज नासाच्या १९८९च्या प्रयोगातून आला. पण तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. पुढे २०१९ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा निघालं की खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. "मग आपण झोपायचं कुठं?" सासूबाईंनी विचारलं आणि खिडकी उघडली.

खरी अडचण रविवारची होती. झाड खिडकीशी, पण कॉल सोफ्यावरून. म्हणून दर रविवारी आम्ही तिघं मिळून कुंडी सोफ्याशेजारी ओढायचो, टक्कल पडलेली बाजू भिंतीकडे करायचो आणि हसत बसायचो. चार रविवारांनंतर ह्यांनी वही पुढे केली. रविवारी हलवलं की बुधवारी एक पान नावे पडत होतं. पाचवं पान सूत गुंडाळलेल्या कुंडीत पडलं होतं. झाड रुळत नव्हतं कारण आम्ही ते रुळलेलं दाखवत होतो.

पुढच्या रविवारी कॉल लागताच सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "पाच पानं गेली गं," त्या म्हणाल्या. मी डोळे मिटले. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"आजी, जाणारच होती. कागदात लिहिलं होतं ना? आता तिला जरा एकटं सोडा."

आम्ही सोडलं. हे जमायला फार कष्ट पडले. जाता-येता हात लावायची, माती उकरायची, पान पुसायची सवय सहजी जात नाही. ह्यांनी टेबल मध्ये आडवं घातलं. तीन आठवडे काहीच घडलं नाही. चौथ्या आठवड्यात शेंड्यावरचं तपकिरी आवरण फाटलं आणि आतून पोपटी, लुसलुशीत पान बाहेर आलं, आमच्या उजेडाच्या मापाचं. वहीत नोंद झाली : 'जमा – १.'

मी साफसफाईत तो छापील कागद टाकायला घेतला. सासूबाईंनी हात धरला.

"राहू दे. मार्गशीर्षात लागेल."

कागद फ्रिजवर लागला. त्यांनी चष्मा लावून तो पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. कुंडी बदलू नये, सारखं हलवू नये, पानं गळली तर घाबरू नये. मान हलत होती. मग ह्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांनी 'पंधरा दिवस वेगळं ठेवावं' ही एकच ओळ खोडली.