धडक बघून बसावी

बल्लारपूर-राजुरा रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात, कागद कारखान्याकडे लाकडाचे वळतात आणि मधल्या फटीतून आपण दुचाकी काढतो. काढा, हरकत नाही. फक्त धडक कुणाची आणि आपण कशावर बसलोय, एवढं आधी ठरवून घ्या.

ट्रकने उडवलं, तर नंबर वाचूनच बेशुद्ध पडा. नंबर सापडला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वय, मिळकत, गुणक अशी आकडेमोड होते. तिशीला गुणक 17, पासष्टीला 7. नाही सापडला, की 'हिट अँड रन': मृत्यूला सरसकट 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. तिथे वय कुणी विचारत नाही, पगारही नाही. समता म्हणतात ती हीच!

मागे बसलेल्या बायकोचंही बघा. दुचाकीच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस बसतो, ती बसत नाही. लग्नाला मालवाहू पिकअप केली असेल, तर तांदळाच्या पोत्यांचा मालक केबिनमध्ये बसून विम्यात येतो. पोत्यांवर बसलेले वऱ्हाडी मात्र ना माल, ना प्रवासी.

आणि रानडुक्कर आडवं आलं तर? त्याला नंबर नाही, परवाना नाही, पॉलिसी नाही. मग वनखात्याच्या पायऱ्या चढा आणि तो अपघात नसून हल्लाच होता, हे पटवून द्या. डुकराची साक्ष मिळाली तर उत्तमच.