मावळ प्रांतातील वळलेल्या तिकिटांचा बंदोबस्त

ज्यांच्या घरी पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह आहे आणि ज्यांचे घर लोणावळ्यास आहे, अशा दुहेरी योगाच्या गृहस्थांसाठी प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटी असती तर तिला इलाज होता. परंतु सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, जेथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि आषाढातले धुके कोणाची परवानगी न घेता माजघरापर्यंत येते, तेथे पाठीला गोंद लावलेला कागद सपाट राहावा अशी अपेक्षा धरणे हे धैर्याचे लक्षण असले तरी विवेकाचे खचित नव्हे. तथापि विवेकासाठी संग्राहक कधीच प्रसिद्ध नव्हते. सबब पुढील कलमे.

कलम पहिले : आरोपीची ओळख

इलाजास हात घालण्यापूर्वी तिकीट कोणत्या तऱ्हेने वळले आहे याची दफ्तरी नोंद करावी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यातच कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांची यंत्रांच्या साहाय्याने परीक्षा चालविली असल्यामुळे, या वर्गीकरणासाठी लागणारी परिभाषा गावाबाहेर शोधावी लागत नाही. दोन्ही टोके उचलून केवळ पोट टेकलेले तिकीट धनुरासनात आहे. एकच कड उलटून समोरच्या कडेवर जाऊ पाहत असेल तर ते हलासनात आहे. आणि सबंध तिकिटाची सुरळी होऊन ते चिमट्यासही दाद देत नसेल, तर ते शास्त्रग्रंथांत न सांगितलेल्या एखाद्या आसनात स्थिर झाले आहे असे समजावे. संग्राहकाचे यावत् प्रयत्न त्यास शवासनात आणण्यासाठी असतात. २०१९ साली भारतीय डाक विभागाने खुद्द स्वामीजींच्या चित्राचे तिकीट काढले. लोणावळ्याच्या पावसात तेही पाठ उचलू लागले, तर त्यास गुरुनिष्ठा म्हणावे की हवामान, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

कलम दुसरे : अपराधाची मीमांसा

कागद हा वनस्पतिजन्य तंतूंचा बनलेला असतो, आणि हे तंतू ओलावा प्याले म्हणजे जाडीने पुष्कळ फुगतात, लांबीने मात्र नाममात्र वाढतात. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असल्यामुळे असा कागद एका अंगाने पसरतो आणि दुसऱ्या अंगाने जवळजवळ आहे तसाच राहतो. त्याच्या पाठीवर गोंदाचा थर असतो, आणि तो आपल्या स्वतंत्र हिशेबाने फुगतो व आक्रसतो. हवा कोरडी पडली की गोंद कागदापेक्षा अधिक आक्रसून तिकिटाला पाठीकडे ओढतो. हवा दमट झाली की तो सैलावून वळण उलगडते, क्वचित उलट्या बाजूस झुकते. आणि हवा लोणावळ्याची झाली की तिकीट शेजारच्या तिकिटाला जन्माचे चिकटते. तंतूंची दिशा जाणून घ्यावयाची असल्यास तिकीट उघड्या तळहातावर ठेवून स्वस्थ बसावे. तळहाताची ऊब आणि ओलावा यांनी ते वळू लागते, आणि होणाऱ्या नळीची लांबी ज्या दिशेस असेल तीच तंतूंची दिशा होय. हा प्रयोग घरच्या मंडळींच्या देखत करू नये.

ही तक्रार केवळ मावळापुरती आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेच्या सरकारी छापखान्याने तिकिटांच्या गोंदावर बारीक वरंबे पाडून त्याची ओढ मोडण्याचा घाट घातला होता. ब्रिटनने १९६८ च्या सुमारास जुन्या वनस्पतिज गोंदाला रजा देऊन त्याच्या जागी कमी वळणाऱ्या कृत्रिम गोंदाची नेमणूक केली. ज्या प्रकरणी दोन बलाढ्य सरकारांना कायदे सोडून गोंद बदलावा लागला, त्या प्रकरणी आपल्या हातून काही चुकत असेल या शंकेने संग्राहकाने कष्टी होऊ नये.

कलम तिसरे : स्थलनिर्णय

पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून लोणावळा लोहमार्गाने ६४ किलोमीटर. एवढ्या अल्प अंतरात पर्जन्यमान कित्येक पटींनी वाढत असल्यामुळे, भर पावसाळ्यात पुण्याहून खरेदी केलेले कोरे तिकीट लोकलने घरी आणणाऱ्याने मार्गातील स्थित्यंतरांवर नजर ठेवावी. देहूरोडपर्यंत ते निर्विकार असते. वडगावास, तालुक्याची कचेरी तेथे असल्याकारणाने असेल, ते विशेष शिस्तीत राहते. कामशेतास त्याच्या मनात चलबिचल होते. आणि मळवलीस, एका हाताला कार्ल्याची व दुसऱ्या हाताला भाज्याची लेणी दोन हजार वर्षे अचल उभी असताना, ते सहप्रवाशांच्या समक्ष पाठ उचलते. संग्राहकाने या स्थानकावर पाकीट उघडून पाहू नये. पाहिल्याने वळण कमी होत नाही आणि दारातून येणारी झड मात्र आत जाते.

कलम चौथे : निषिद्ध उपाय

पहिला निषेध इस्त्रीचा. उष्णतेने गोंद वितळतो, तडकतो किंवा नको तेवढा चकाकतो, आणि तिकीट सपाट झाल्याच्या आनंदात त्याचे मोल किती उतरले याची रुजवात राहून जाते. दुसरा निषेध बळाचा : वळलेले तिकीट दोन बोटांत धरून उलट दिशेस वळविल्यास गोंदावर भेगा पडतात, तंतू मोडतात आणि तात्पुरत्या वळणाच्या जागी कायमची मोड येते. तिसरा निषेध उन्हाचा. घरातील वडील मंडळी पापडांच्या दीर्घ अनुभवावरून हा उपाय सुचवतील, त्यांना नमस्कार करावा आणि तिकीट सावलीतच ठेवावे, कारण उन्हाने रंग विटतो. चौथा निषेध चिक्कीच्या रिकाम्या डब्याचा. लोणावळ्यात या डब्याचा तुटवडा कधीच नसतो आणि त्याचे झाकणही घट्ट बसते, हे मान्य. पण तळाशी राहिलेला गुळाचा अंश मुंग्यांना आमंत्रण धाडतो, आणि मुंग्यांमागून कसर आली तर ती गुळापाशी न थांबता थेट गोंदावर बसते.

कलम पाचवे : विहित उपाय

कोऱ्या तिकिटाच्या बाबतीत घाई हाच मुख्य गुन्हा आहे. तिकीट गुळगुळीत ग्लासिन कागदाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवावे, ते जाड ग्रंथाच्या पानांत सरकवावे, ग्रंथावर तितकाच जाड आणि तितकाच न वाचलेला दुसरा ग्रंथ ठेवावा, आणि काही आठवडे प्रकरण तहकूब करावे. कोरड्या हवेत फार दिवस राहून ज्याची कडक सुरळी झाली असेल, त्यास झाकणाच्या डबीत, ओल्या स्पंजाच्या वर, पण स्पंजास स्पर्श होणार नाही अशा जाळीवर ठेवून सैल पडेपर्यंत निरखावे, आणि सैल पडताच चिमट्याने उचलून उपरोक्त ग्रंथात दाखल करावे. जून ते सप्टेंबर या मुदतीत लोणावळेकरांना डबी व स्पंज यांचा खर्च करण्याचे कारण नाही. खिडकी उघडणे पुरेसे आहे. शिक्का पडलेले तिकीट पाण्याने रंग सोडणारे नाही याची खातरी करून घेऊन साध्या पाण्यात भिजवावे, गोंद निःशेष धुवावा, आणि टीपकागदांच्या थरांत वजनाखाली वाळवावे.

साठवणीची हवा निम्म्याच्या आसपास आर्द्रतेची असावी, वह्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, आणि कपाट बाहेरच्या भिंतीस लावू नये. कपाटात मंद दिवा लावून ऊब राखण्याची जुनी चाल आहे, ती दिवा वह्यांपासून दूर असल्यास पाळण्यास हरकत नाही. या माथ्यावर पडलेला पाऊस वळवण व लोणावळा येथील तलावांत साठवून १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण केली जात आहे, आणि तिचा ओघ आरंभापासून मुंबईकडे आहे. पाणी आमच्या भिंतींत आणि प्रकाश मुंबईकरांच्या घरांत, अशी ही वाटणी तिकिटांना मान्य आहे की नाही, हे कोणी विचारलेले नाही.

कलम सहावे : भोर संस्थानचा दाखला

पवन मावळ हा भोर संस्थानाच्या पाच तालुक्यांपैकी एक होता. या संस्थानाने १८७९ साली अर्धा आणा व एक आणा अशी दोन तिकिटे देशी कागदावर हाताने ठसा मारून काढली, आणि त्यांच्या पाठीस गोंद लावण्याच्या भानगडीत ते पडले नाही. ज्यास पत्र धाडावयाचे त्याने आपली खळ आपण कालवावी. गोंद नाही म्हणून ओढाताण नाही, आणि ओढाताण नाही म्हणून गोंदापायी येणारे वळणही नाही. भोरचे संस्थानिक जे पंतसचिव, त्यांच्या कारभाऱ्यांनी जे सहज साधले, ते साधण्यासाठी आज आम्ही स्पंज, ग्लासिन आणि न वाचलेले ग्रंथ यांची फौज उभी करतो.

याउलट, १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाचा विचार करावा. त्याच्या पाठीवरचा गोंद जितका अस्पर्श, तितके त्याचे मोल अधिक. म्हणजे तिकिटाला जो वाकवतो, तोच त्याची किंमत वाढवतो, आणि संग्राहक आयुष्यभर त्या अपराध्याचाच जामीन राहतो. गोंदाची नेमणूक ओला होऊन कागदास चिकटण्यासाठी झाली आहे. त्यास पन्नास वर्षे काचेसारख्या कागदात बेकार बसविले, तर तो अंग आखडून निषेध नोंदवणार, यात त्याचा दोष कोणता?

कलम सातवे : अंतिम उपाय

वरील सर्व कलमे निष्फळ ठरल्यास एक उपाय उरतो, आणि तो अचूक आहे. वळलेले तिकीट घ्यावे, त्याची पाठ ओली करावी, ते एका चांगल्या जाड पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात बोटाने दाबून बसवावे, आत चार ओळींचे खुशालीचे पत्र घालावे आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकावे. पाकिटाला घट्ट बिलगलेले तिकीट पाठ उचलत नाही, कारण उचलण्यास त्याची पाठ मोकळीच राहत नाही; शिवाय त्यावर शिक्का पडून ते ज्या कामासाठी जन्मले ते काम होते. पत्र कोणास लिहावे हा प्रश्न गौण आहे, तथापि पुण्याच्या कोरड्या बाजूस राहणारा नातलग सोयीचा. पाकीट फाडू नये, पाण्यात भिजवू नये, आणि पोचताच दुसऱ्या पाकिटात घालून उलट टपाली परत धाडावे, एवढे मात्र ताजा कलम म्हणून त्यास अवश्य लिहावे.