परफेक्शनिस्टांची रांग

मुंबई विद्यापीठाने २०१९च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स’ हा विषय दोनदा लावला, दुसऱ्या सत्रात आणि पुन्हा पाचव्यात. संवाद आणि नीतिमत्ता, दोन्ही जर्नल पूर्ण केलं की येतात. जर्नल अर्थातच मित्राचं बघून.

त्यामुळे मीरा-भाईंदरचा आयटीवाला हल्ली गटचर्चेत ‘आय बेग टु डिफर’ म्हणतो. मुलाखतीत दोष विचारला, की ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ असं सांगतो. बाहेर रांगेत बसलेलेही सगळे परफेक्शनिस्टच.

हाच मुलगा सकाळी विरारहून खच्चून भरून आलेल्या गाडीत शिरतो, चौथी सीट मिळवतो आणि संध्याकाळी दार अडवून उभ्या विरारकरांची समजूत घालून उतरतोही. घरी मराठी, दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी. वाटाघाटी, टीमवर्क, ताणाचं नियोजन, सगळं पासाच्या पैशांत. पण याचं सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून बायोडेटात जागा नाही. तिथे ‘हॉबीज: रीडिंग, ट्रॅव्हलिंग’. त्यातलं ट्रॅव्हलिंग तरी खरं आहे म्हणा.

एचआरवाल्यांनो, टायची गाठ बघू नका. विरार फास्टमधून भाईंदरला कसा उतरतोस, एवढंच विचारा.