त्या युरोपवाल्या पोरांचं ऐकलंत का?

अहो, जरा इकडे या ना, मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. त्या युरोप बँडवाल्यांचं ऐकलंत का? तेच हो, स्टॉकहोमजवळच्या उपलांड्स वेस्बीचे! त्यांचा गाणारा, लार्सनांचा योआकिम, आता म्हणे जोई टेंपेस्ट. टेंपेस्ट म्हणजे वादळ! केसही तसेच, वादळात सापडल्यासारखे. असो.

१९८२च्या त्या रॉक स्पर्धेत यांनी स्वतः नावसुद्धा दिलं नव्हतं बरं का. टेप पाठवली जोईच्या मैत्रिणीनं, तीही गुपचूप. आणि जिंकले की! बक्षिसात रेकॉर्डचं कंत्राट. मग जपानात कौतुक झालं, पण घरच्या नि जपानच्या कौतुकानं पोट कुठलं भरतंय? डोळा अमेरिकेवर.

तर काय सांगत होते... हां, ती धून! जोईनं की-बोर्डवाल्या मिकचा कॉर्ग सिंथेसायझर उसना आणला होता, त्यावर सुचलेली. कितीतरी वर्षं तशीच पडून होती. शेवटी बेस-गिटारवाला लेवेन म्हणाला, अरे, याचं गाणं कर की. झालं, ‘द फायनल काउंटडाउन’! कंपनीला आधी दुसरंच गाणं काढायचं होतं, जोई अडून बसला.

आणि गिटारवाल्या नोरमच्या कपाळावर या आठ्या! त्याचं काय चुकलं म्हणा, सगळीकडे की-बोर्ड, गिटार कुठं ऐकूच येईना. वर मासिकांत नुसते केसांचे नि लिपस्टिकचे फोटो. १९८६ संपता संपता बाहेरच पडला. आणि योग बघा, त्याच डिसेंबरात गाणं इंग्लंडात पहिलं! पंचविसेक देशांत पहिलं आलं म्हणतात. बिचाऱ्याचा चेहरा कसा झाला असेल हो...

अमेरिकेत मात्र आठव्यावर अडकलं. तिथं जास्त चढली ती ‘कॅरी’, तिसरी. म्हणजे एवढा केसांचा नि कॉर्गचा डामडौल करून शेवटी चालली कोण, तर रडकी बॅलड! मी तर हसूनच... बरं ते राहू दे. नोरमच्या जागी की मार्सेलो आला, आणखी दोन अल्बम झाले, तोवर सिएटलचे ते चौकड्यांच्या शर्टवाले ग्रंज बँड आले आणि १९९२ मध्ये यांनी गाशा गुंडाळला.

आणि खरी गंमत पुढंच आहे. २००४ मध्ये नवा अल्बम आला ना, त्यात गिटारवर कोण? नोरम! आणि कार्यक्रमात त्याच कॉर्गच्या धुनेला साथ देत उभा.