एकोणसत्तरावं यण्णीमज्जन

सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, पाळणे उभे राहिले, की आठवडाभरात माझा खालचा ओठ मधोमध उलतो. पहाटे थंडी, दुपारी ऊन, हवेत ओल नाही, वर मैदानाची धूळ. बाकी चेहऱ्याला निदान स्वतःचं तेल तरी असतं. ओठांच्या लाल भागाला ना तेलाच्या ग्रंथी, ना घामाच्या. कातडीही कांद्याच्या पापुद्र्याएवढी.

त्यात जिभेचा आगाऊपणा. ओठ कोरडा वाटला की ती न बोलावता मदतीला धावते. लाळ लगेच वाळते आणि जाताना ओठाची होती नव्हती ती ओलही घेऊन जाते. शिवाय लाळेचं मूळ काम भाकरी पचवायचं. आता सोलापुरी कडक भाकरी आणि माझा ओठ यांतला फरक तिला कसा कळावा? मलाही आरशात कळत नव्हता. फरक एवढाच, की पाणी गेल्यावर भाकरी महिनाभर टिकते.

त्या भाकरीवर शेंगा चटणी घेतली आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून धार लागली. आजी म्हणाली, "चाटू नको रे, अजून उलंल. बेंबीत तेल घाल."

"ओठ कुठं, बेंबी कुठं, आजी?"

"आज सात नंदीध्वज गावभर फिरून अडुसष्ट लिंगांना तेल घालायलेत. देवाला लागतंय, तुला लागत नाही व्हय?"

नंदीध्वज म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, आणि लिंगांना तेल घालण्याच्या या विधीला यण्णीमज्जन म्हणतात. 'एण्णे' म्हणजे कन्नडात तेल. आमच्या घरात भांडणं मराठीत आणि उपचार कानडीत चालतात. त्यामुळे वाद न घालता मी आडवा झालो आणि आजीने करडईचं तेल बेंबीत ओतलं. बेंबीपासून ओठापर्यंत कुठलीही नळी जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून रात्री गुपचूप ओठाला तूपही लावलं. तूप नवं पाणी देत नाही, पण आहे ते उडू देत नाही. (दुकानातलं गार लागणारं मलम आधीच लावून पाहिलं होतं. गार लागलं, मग झोंबलं.)

दुसऱ्या दिवशी पांढरी बाराबंदी घालून अक्षतांना गेलो. अक्षता म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह. हे लग्न लागतं त्या संमती कट्ट्यासमोर पाय ठेवायला जागा नाही. "बोला हर्र" झालं आणि सगळ्यांनी तोंड भरून गर्जना केली. 'हर्र'ला जबडा पुरता उघडावा लागतो. माझ्या ओठांतून जेमतेम 'हुर्र' निघालं. शेजारच्या काकांनी वळून पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग पोटाकडे. बाराबंदीवर बरोबर बेंबीच्या जागी रुपयाएवढा तेलाचा डाग उमटला होता.

मी ओशाळून मान खाली घातली, तर त्यांच्याही बाराबंदीवर, त्याच जागी, तेवढाच डाग.

हसू दोघांनाही आलं होतं, पण हसायची सोय नव्हती.