वाघजाईपुढे घुर्र-घुर्र

शिवथरघळीला जायचं आत्याच्या मनात फार दिवस होतं. समर्थांनी दासबोध तिथं लिहिला अशी परंपरा आहे, आणि त्यातला मूर्खलक्षणांचा समास भाच्याला एकदा मूळ जागी नेऊन ऐकवावा, असा तिचा बेत असावा. माझ्या बायकोला ही कल्पना संशय यावा इतकी आवडली. फक्त गाडी भाड्यानं करू, असं तिचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, “घरात पद्मिनी असताना?”

ही पद्मिनी मूळची काकांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची. इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, आणि पेट्रोलचा काटा आशावादी. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मी आमच्या गाडीपासून वर्तमानपत्र लपवून ठेवलं होतं.

भोर सोडल्यावर नीरा-देवघरचं पाणी लागतं, सुंदर आहे. वरंधा घाटाच्या रस्त्यानं कावळ्या किल्ल्याचे दोन तुकडे केलेत ही माहिती मी दिली, तेव्हा दोघीही झोपल्या होत्या. वाघजाईच्या देवळाशी मात्र भज्यांच्या वासानं आपोआप जाग आली. धुकं इतकं दाट की टपरीवाला दिसायच्या आधी त्याची कढई ऐकू आली. दुसऱ्या प्लेटचा आग्रह माझ्या पोटानं केला. तेवढ्या वेळात तापलेली गाडी धुक्यात उभी राहून छान गार झाली.

किल्ली फिरवली. घुर्र-घुर्र-घुर्र. परत फिरवली. घुर्र-घुर्र-घुर्र-घुर्र. सेल्फ जोरात, पण इंजिन काही घेईना.

“तुमच्यासारखीच आहे,” बायको म्हणाली. “सकाळी आवाज भरपूर, उठणं नाही.”

मराठी माणसाला बंद पडलेली गाडी दिसली की तो आधी पेट्रोल विचारतो. भजीवाला म्हणाला, “पेट्रोल हाय का?” मोटरसायकलवरचं जोडपं थांबलं, “पेट्रोल आहे ना?” महाडकडून वर आलेल्या जीपवाल्यानं काच खाली केली आणि नुसतं “पेट्रोल?” एवढंच विचारून काच वर केली. शेवटी मी टाकीचं झाकण काढून सगळ्यांसमक्ष गाडी हलवली. आत डुचुक-डुचुक वाजलं. तरी एकजण म्हणाला, “ते पाणी असंल.”

“उतार आहे, ढकला की!” हा दुसरा सल्ला. ढकलून काय होतं? चाकांच्या जोरावर इंजिन फिरतं. आमचं इंजिन सेल्फनं फिरतच होतं! बॅटरी उतरली असती तर धक्का कामाचा. इंजिन फिरूनही पेटत नसेल, तर पेट्रोल पोचत नाही किंवा करंट पोचत नाही, आधी हे दोनच बघायचं असतं. हे मी मोठ्यानं सांगितलं. ऐकायला एक माकड होतं.

प्लग काढला. ओला, पेट्रोलचा भपकारा. म्हणजे पेट्रोल येतंय. प्लग वायरला लावून इंजिनाला टेकवला आणि बायकोला म्हटलं, “मार सेल्फ.” ठिणगी नाही. मग कॉइलची मधली वायर डेल्कोतून उपसली, फडक्यात धरली, तोंड लोखंडाजवळ नेलं, “मार!” चट्-चट्-चट्, निळी, खणखणीत. इतका आनंद मला बोर्डाच्या निकालाला झाला नव्हता. कॉइल ठीक, पॉइंट ठीक. कॉइलपासून निघालेला करंट प्लगपर्यंतच्या वाटेत कुठंतरी गळत होता.

डेल्कोचं झाकण उघडलं. आत, काळ्या बेकलाइटवर, बारीक दव. करंट त्या ओलीवरून मिळेल त्या दिशेनं पळत होता. पुसायला कोरडं काही नव्हतं. माझा शर्ट भिजलेला, रुमाल भज्यांच्या सेवेत. आत्यानं काही न बोलता आतल्या बाजूचा पदर पुढं केला. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला. मी जपून पुसत होतो, तर म्हणाली, “नीट पूस रे, पदर काय धुता येतो.”

झाकण बसवलं. आता सुरू होणारच. घुर्र-घुर्र-फट्ट! कार्बोरेटरमधून आवाज, धूर, आणि कठड्यावरची सगळी माकडं दरीत.

इथं रेनकोटवाल्या एका मदतनीस तरुणाचा उल्लेख केला पाहिजे. मी प्लग हुंगत असताना त्यानं “लूज वाटतायत” म्हणून चारही वायरी झाकणातून उपसून आपल्या मनानं परत खोचल्या होत्या. हे त्यानं फट्ट झाल्यावर, जाता जाता, हसतमुखानं सांगितलं. माझ्या तोंडून जे निघालं ते घळीच्या वाटेवर शोभणारं नव्हतं. कुठल्या सिलिंडरला कुठली वायर? सेल्फ आता थकत चालला होता. घुर्र… घु…र्र.

“वर बघ,” आत्या म्हणाली. बॉनेटच्या आतल्या बाजूला, गंजाच्या डागांमध्ये, पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: १-३-४-२. खाली झाकणाचं छोटं चित्र, पहिली वायर कुठली त्यावर बाण. एवढ्या वर्षांत मी ते कारखान्यातलंच समजत होतो. एकाला फाटा, चाराला नीट गाठ, दोनाची शेपटी वळवलेली.

“अक्षर बघ,” आत्या म्हणाली. “मला पत्र लिहायचे तर कावळ्याचे पाय.” बोट तिनं चारावर ठेवलं आणि जरा वेळ काढलंच नाही. मी उगीचच प्लगचा पाना पुसत बसलो.

वायरी बाणाप्रमाणे लावल्या. बॅटरीत असेल नसेल तो जीव गोळा होऊन एक घुर्र निघाली आणि गाडी उचलली! धडधड, थरथर, सायलेन्सरमधून पांढरा लोट. मी विजयानं मागं वळलो. कौतुकाला कोणी नव्हतं. सगळे टपरीवर, गरम घाण्याभोवती.

बॅटरी संपलेली, म्हणून आता इंजिन बंद करायचं नाही असं मी जाहीर केलं. त्यामुळे शिवथरघळीबद्दल मला एवढंच सांगता येईल की धबधब्याचा आवाज पार्किंगपर्यंत येतो. दोघी आत जाऊन आल्या. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलो होतो. आत्यानं खिडकीतून प्रसाद माझ्या हातावर ठेवला, काटकसरी नजरेनं धुराकडे पाहिलं आणि म्हणाली, “अरे, उभ्या गाडीत किती पेट्रोल जाळतोस!”

आणि हात आत घालून तिनं किल्ली फिरवली.